‘टाकाऊ’चे अर्थांतर : काथ्या आणि बांधकाम-साहित्य

‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण मराठीत स्वभावातील हट्ट दर्शविण्यासाठी वापरली जाते. तिच्या मुळाशी मात्र एक भौतिक निरीक्षण आहे : तंतूने एकदा धारण केलेला आकार तो सहजासहजी सोडत नाही. नारळाच्या सोडणातून निघणारा काथ्या आज बांधकाम-साहित्य म्हणून विचारात घेतला जातो, तो तंतूच्या याच चिवटपणामुळे.

नारळाच्या एकूण वजनात सोडणाचा वाटा सुमारे ३५ टक्के असतो. त्यात तंतू साधारणतः ३० टक्के आणि उर्वरित भाग भुशाचा. काथ्यात लिग्निन या काष्ठद्रव्याचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असते. तागात ते याहून पुष्कळच कमी आढळते. लिग्निन सूक्ष्मजीवांना सहज पचत नाही. म्हणूनच केरळच्या खाऱ्या पश्चजलात सहा ते दहा महिने कुजत ठेवलेल्या सोडणातील मऊ भाग विघटित होतो, पण तंतू शाबूत राहतो.

या तंतूपासून फळ्या बनविण्याच्या पद्धती मुख्यतः तीन आहेत. पहिलीत काथ्याचे थर राळेत भिजवून, लाकडाच्या पातळ पापुद्र्यांसह उष्णता व दाब देऊन एकजीव केले जातात. दुसरीत काथ्या सिमेंटमध्ये मिसळतात. परंतु तंतूतील विद्राव्य शर्करा सिमेंटचे घट्ट होणे लांबवीत असल्याने तो आधी धुवावा लागतो. तिसरी पद्धत सैद्धांतिकदृष्ट्या अधिक लक्षणीय आहे. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात संपूर्ण सोडण दळून, बाहेरचा कोणताही चिकटद्रव न वापरता फळी तयार करण्याची प्रक्रिया मांडली. उष्णतेने मऊ झालेले लिग्निनच येथे बंधकाचे काम करते.

पहिल्या पद्धतीतील राळ बहुधा फॉर्मल्डिहाइडयुक्त असते, आणि सोडण कुजविण्याने पश्चजल दूषित होते. त्यामुळे कच्चा माल ‘टाकाऊ’ आहे एवढ्यावरून अंतिम वस्तू पर्यावरणस्नेही ठरत नाही.

मुळात ‘टाकाऊ’ ही संज्ञाच सापेक्ष आहे. कोकणातील अनेक घरांत सोडण आंघोळीचे पाणी तापविण्याच्या चुलीत जाते. केरळात तेच एका मोठ्या व्यवसायाचा कच्चा माल असते. इंग्रजीतील ‘कॉयर’ हा शब्द मल्याळम ‘कयर’वरून आला. वस्तूबरोबर तिचे नावही समुद्रापार गेले. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांनी कुट्टनाडच्या अनेक पिढ्यांची कथा सांगणाऱ्या १९७८ च्या कादंबरीला हेच नाव दिले. अनेक धागे एकत्र वळून होणारा दोर ही प्रतिमा त्या समाजाला सहज सुचावी, इतका काथ्या तेथील जगण्यात मुरलेला आहे.

सोडण बडवून काथ्या काढण्याचे आणि सूत वळण्याचे काम तेथे मुख्यत्वे स्त्रियांनी केले. कारखान्याच्या हिशेबात सोडण ‘कचरा’ म्हणून नोंदले गेले, तर त्याची किंमत शून्यावर येते आणि त्या श्रमाचे मोलही नोंदीबाहेर राहते. म्हणून नव्या फळीचे मूल्यमापन करताना तिची मजबुती आणि तिचा प्रदूषणभार यांसोबत, कच्च्या मालाला ‘टाकाऊ’ कोणी ठरविले, हा प्रश्नही विचारावा लागतो.