खाजनाचा बांध आणि गावकरी

मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या खाडीकाठी भरतीच्या पातळीखाली असलेली जमीन बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखायची आणि तिच्यात भात पिकवायचे, ही गोव्याची खाजन शेती ज्या संस्थेने शतकानुशतके सांभाळली, ती संस्था म्हणजे ‘गावकरी’, अर्थात गावच्या मूळ वसाहतकारांच्या वंशजांचा सामाईक जमीनधारक संघ. पोर्तुगीजांनी तिला ‘कोमुनिदाद’ म्हटले. आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने 1526 साली तिचे रिवाज सनदेत नोंदवले, तेव्हा ते आधीपासूनच रूढ होते. पुढे तिसवाडी-साष्टीत धर्मांतरे झाली, देवळांकडे जाणारे उत्पन्न चर्चकडे वळले, पण बांधाची व्यवस्था मोडली नाही.

या शेतीचा जीव ‘मानस’ नावाच्या लाकडी झडपांच्या दारात असतो. भरतीच्या दाबाने झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. पावसाळ्यात मातीतला खार धुऊन निघतो आणि कोरगूटसारखे खार सोसणारे भात उभे राहते. जमिनीची ‘पावणी’, म्हणजे मुदतीचा लिलाव, होऊन आलेल्या पैशातून बांधदुरुस्ती, देवस्थान आणि सरकारी देणी भागवली जात, आणि उरलेली रक्कम ‘जोण’ म्हणून गावकारांत, म्हणजे संघाच्या सदस्यांत, वाटली जाई. बांध फुटला तर जोणही बुडे, त्यामुळे स्वार्थ आणि सामूहिक कर्तव्य येथे एकत्र नांदत होते.

तथापि या व्यवस्थेचे गोडवे गाताना हे विसरता येत नाही की जोण केवळ पुरुष वारसांनाच मिळे, आणि चिखलात राबणाऱ्या अनेकांना संस्थेत मतच नव्हते. म्हणूनच 1964 चा कूळ कायदा आणि कसणाऱ्याला मालकी देणारी 1976 ची दुरुस्ती न्याय्य होती. परंतु हक्क एका कायद्याने हस्तांतरित होतो, सामाईक बांधाची जबाबदारी मात्र नेमाने एकत्र बसण्याच्या, वर्गणी गोळा करण्याच्या आणि चुकाराला जाब विचारण्याच्या सवयीवर उभी असते. ती सवय रुजवण्याचे काम कूळ संघांवर सोपवले गेले, पण पुष्कळ ठिकाणी ते अर्धवटच राहिले. शिवाय भातापेक्षा मासळी किफायतशीर ठरू लागल्याने मानशी उघड्या ठेवून खारे पाणी आत घेण्याचा मोह वाढला, आणि शेते पडीक पडली.

म्हणून मानशीवरील मासेमारीच्या हक्काचीही जी पावणी होते, तिचा पैसा प्रथम बांधावर खर्च झाला पाहिजे, आणि तो कसा खर्चायचा हे ठरवताना कसणाऱ्या स्त्रियांनाही मत मिळाले पाहिजे.