मुळशीचं पाणी, मुंबईची वीज

मुळा ही पूर्ववाहिनी नदी. सह्याद्रीत उगम पावून ती पुण्याकडे येते आणि भीमा-कृष्णेमार्गे तिचं पाणी बंगालच्या उपसागराला मिळतं. मुळशीला मात्र ते धरणाने अडवून बोगद्यातून पश्चिमेकडे वळवलं आहे. घाटमाथ्यावरून सुमारे ५०० मीटर खाली उतरून ते रायगड जिल्ह्यातल्या भिरा वीजगृहात पोचतं आणि तिथून कुंडलिकेत जातं.

खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवणाऱ्या टाटांच्या योजनांचा हा क्रम.

भिऱ्याच्या पायथ्याशी आठवी-नववीचं भौतिकशास्त्र प्रत्यक्ष समजतं. पाण्याची उंची दहा मीटरने वाढली की दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब वाढतो. म्हणजे इथे तो पन्नास किलोच्या घरात जातो. घर्षण बाजूला ठेवलं, तर तोटीतून सुटणाऱ्या धारेचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटर भरेल. ही धार पेल्टन चक्राच्या जोडवाट्यांवर आदळते. दोन वाट्यांमधली धारदार कड तिला दुभागते, वाटीची वक्र बाजू तिला जवळजवळ उलट फिरवते आणि तिची बहुतेक सगळी ताकद चक्राला मिळते. पाणी बेताचं आणि उंची मोठी असेल, तिथे हे चक्र चोख काम करतं.

पण एवढंच सांगून थांबलं, तर मुळशी अर्धीच कळते. धरणासाठी आंबेमोहोर पिकवणारी मावळ्यांची भातखाचरं बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. त्याचं नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट अभियांत्रिकी शिकायला एडिंबरोला गेलेले. 'सेनापती' ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. त्यांचा विरोध यंत्राच्या अज्ञानातून आलेला नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. लढा हरला, धरण झालं. विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचा इतिहास लिहून ठेवला.

मराठी विज्ञान परिषद १९६६पासून मराठीत विज्ञान पोचवते आहे. त्याच धर्तीवर मुळशी तालुक्यातले शिक्षक, निवृत्त तंत्रज्ञ आणि धरणग्रस्तांचे वारस एकत्र आले, तर मुलांना धरण, ताम्हिणी घाट आणि भिरा एका दिवसात दाखवता येईल. आधी वर्गात भुस्कुट्यांचं पुस्तक वाचावं, दाबाचं गणित फळ्यावर सोडवावं आणि बुडालेल्या गावांची नावं घरच्या वडीलधाऱ्यांकडून लिहून आणायला सांगावीत.