आभाराची वही कितपत लागू पडते?

झोपण्यापूर्वी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा, मन प्रसन्न राहील, हा सल्ला आता सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशांतूनही मिळतो. त्यामागे खरोखरचे प्रयोग आहेत. ते नेमके काय सांगतात, याचा पत्ता मात्र त्या संदेशांत नसतो.

सर्वांत गाजलेला प्रयोग २००३ सालचा. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाने दर आठवड्याला ज्यांबद्दल कृतज्ञ वाटलं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने डोक्याला ताप झालेल्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या. दहा आठवड्यांनंतर पहिला गट जास्त समाधानी निघाला. दुखण्याखुपण्याच्या तक्रारी कमी आणि व्यायामही जास्त. पुढच्या प्रयोगात रोज लिहायला लावलं, तेव्हा तब्येतीतला हा फरक दिसला नाही. शिवाय कुणाला आठवडेच्या आठवडे कटकटी उगाळायला लावल्या, तर त्याच्याशेजारी कुणीही आनंदीच दिसणार! २०२१ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा २७ अभ्यासांची एकत्र छाननी केली. नैराश्य आणि चिंता कमी होतात, पण थोड्याच, असा त्यांचा निष्कर्ष. त्यामुळे गंभीर नैराश्य असलेल्या माणसाच्या हातात उपचाराऐवजी वही देणं मला तरी बेजबाबदारपणाचं वाटतं.

वही थोडीच लागू पडते, याचं एक कारण सवय असावं. नव्या चपलेसारखं सुखही चार दिवस जाणवतं, मग पायात आहे हेही लक्षात राहत नाही. ‘घर, आईवडील, तब्येत’ असं रोज उतरवलं की यादीचीही तीच गत होते.

यावर एक उलटा उपाय मिनक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तपासला. जोडीदार कसा भेटला ते काहींना लिहायला सांगितलं. इतरांना सांगितलं, की तो कसा भेटलाच नसता ते लिहा. त्या दिवशी बस चुकली असती, मैत्रिणीने लग्नाला ओढून नेलं नसतं, वगैरे. नात्याबद्दल जास्त समाधानी झाले ते हे दुसरे. असलेली गोष्ट मनातल्या मनात वजा केली, की तिचं असणं पुन्हा नवलाचं वाटू लागतं. गंमत म्हणजे, असं होईल याचा अंदाज लोकांना आधी करता आला नव्हता.

वहीतले आभार ज्याचे त्याला कळतच नाहीत, हा आणखी एक प्रश्न. आपल्याकडे घरात कुणी चहाबद्दल आभार मानले, तर आधी कपाळाला हात लावून ताप बघतील. जगही फार वेगळं नाही. आठ भाषांमधल्या रोजच्या संभाषणांच्या २०१८ सालच्या अभ्यासात, छोटी मदत मिळाल्यावर तोंडाने आभार मानण्याचं प्रमाण सुमारे विसात एक इतकंच होतं. त्याच वर्षी अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली. लिहिणाऱ्यांना वाटत होतं, समोरचा अवघडेल, आपल्याला शब्द जमणार नाहीत. पत्र मिळालेली माणसं त्यांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सुखावली, आणि शब्दांपेक्षा त्यांना आपुलकी भावली.

लिहिणाऱ्याचा फायदा? मार्टिन सेलिगमन यांच्या २००५ सालच्या प्रयोगात, असं पत्र स्वतः नेऊन दिल्याचा आनंद महिनाभर टिकला. तीन महिन्यांनी मावळला होता. तोवर दुसरं नाव शोधून ठेवायला हरकत नाही.