कानातला बिल्ला, घरातली माहिती

आमच्या चाचांच्या गोठ्यात तीन म्हशी आहेत. प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला आणि त्यावर 12 अंकी क्रमांक. मागच्या महिन्यात चाचांना एक अनोळखी फोन आला, "तुमच्या म्हशींचा विमा काढायचा का?" चाचा दिवसभर एकच विचारत राहिले, "याला आपल्या म्हशी कुणी सांगितल्या?" संतापून ते बिल्लेच कापायला निघाले. आम्ही त्यांना अडवले.

बिल्ल्यावर ठपका ठेवायला आमच्याजवळ पुरावा नव्हता. पण चाचांचा प्रश्न खरा आहे. बिल्ल्यावर नुसता क्रमांक दिसतो. 'भारत पशुधन' या सरकारी नोंदणीत मात्र त्यामागे मालकाचे नाव, गाव, मोबाईल, जनावराची जात, वय आणि लसीकरण असते.

ही नोंद गरजेची आहे. 2019 साली केंद्र सरकारने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिसविरुद्ध लसीकरणाची मोहीम सुरू केली. ब्रुसेलोसिस कच्च्या दुधातून माणसालाही होतो. 2022 मध्ये लम्पी पसरला तेव्हा जनावरांचे बाजार बंद करावे लागले. आजारी जनावर कुठून आले हे वेळीच कळले, तर शेजारचे गोठे वाचतात.

प्रश्न आहे तो नोंद कुणी पाहावी याचा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मालकाचे नाव हवेच. अभ्यासकाला तालुक्याचा आकडा पुरतो. विमेवाल्याला मात्र मालकाच्या परवानगीशिवाय काहीच मिळू नये. म्हशीला कसली आली गुपिते, पण तिच्या क्रमांकाला एक घर जोडलेले असते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क मानला आहे.

आम्ही चाचांना घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. दोन वर्षांपूर्वी विकलेली म्हैस अजून त्यांच्याच नावावर होती! ती आजारी पडली असती, तर तपास चाचांच्या दारात आला असता आणि खरा गोठा तसाच राहिला असता. चूक आमचीच, विकताना मालकी बदलाची नोंद केली नव्हती.

तेव्हा जनावर विकले की नोंद बदलून घ्या. फोनवरून कुणी मागितला तर ओटीपी सांगू नका. विक्रीसाठी फोटो पाठवताना बिल्ल्याचा क्रमांक झाका. आणि ज्यांच्या हाती ही नोंद आहे, त्यांनी ती अमानत समजून सांभाळावी.

चाचांनी बिल्ले राहू दिले आहेत. "कापणार नाही," ते म्हणाले, "पण विचारत राहणार."