डेव्हिडसनच्या चिठ्ठ्या आणि शहाद्याचा रानपिंगळा

पक्ष्यांचं वेड अनेकांना असतं. मला वेड आहे ते संग्रहालयात ठेवलेल्या पक्ष्यांच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठ्यांचं. कोणी मारला, कुठे, कधी, एवढाच मजकूर. पण नंदुरबारच्या जंगलाची एक अख्खी गोष्ट अशाच एका खोट्या चिठ्ठीने बिघडवली आणि खऱ्या चिठ्ठ्यांनी ताळ्यावर आणली.

रानपिंगळा या लहानशा घुबडाचं शास्त्रीय वर्णन 1873 साली अ‍ॅलन ह्यूमने केलं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूमसाहेब. ब्लुइटने त्यांना पाठवलेला नमुना आज छत्तीसगडमध्ये असलेल्या भागातला. पण या पक्ष्याची खरी ओळख खानदेशात झाली ती जेम्स डेव्हिडसनमुळे. हा सनदी अधिकारी. दिवसा सरकारचं काम, उरल्या वेळात पाखरं. 1882 साली ह्यूमच्या ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये त्याने पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी छापली. ‘कच्ची यादी’ असं तिचं नाव, आणि पानं चाळिसाच्या वर! शहादा-तळोद्याकडचे रानपिंगळे त्यानेच गोळा केले. 1884 नंतर मात्र शतकाहून अधिक काळ या पक्ष्याचा खात्रीलायक पत्ता नव्हता. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात नमुने, बस्स.

नंतर आला कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन. सैनिक, हेर, पक्षीतज्ज्ञ आणि पट्टीचा थापाड्या. ब्रिटिश म्युझियमच्या पक्षीदालनात त्याला एकदा प्रवेशबंदीही झाली होती. तरी त्याचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. 1914 साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ आपण रानपिंगळा मारला, असं त्याने चिठ्ठीवर लिहून ठेवलं. त्या एका ओळीपायी सालीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारखी माणसं नको तिथे शोधत राहिली. पामेला रासमुसेन आणि नायजेल कोलर यांनी 1999 साली हे बिंग फोडलं. पक्षी डेव्हिडसनचाच, म्युझियममधून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला, नवी चिठ्ठी लावलेला. आत भरण्याची डेव्हिडसनची पद्धत मात्र या चोराला पुरती पुसता आली नाही.

मांडवी खोटी म्हटल्यावर जुन्या चिठ्ठ्यांवरची खरी गावं तेवढी उरली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी आधी पूर्वेकडचं जंगल पालथं घातलं. तिथे काहीच मिळालं नाही. मग ते शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी किंगला तो दिसला: निष्पर्ण फांदीवर, उन्हात, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पाय जाडजूड. 113 वर्षांनी! घुबड म्हणजे अंधाराचं पाखरू, हा आपला समज. हा मात्र भरदिवसा उघड्यावर बसतो. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तळोदा-तोरणमाळकडे त्याचा नीट अभ्यास केला.

इथवर गोष्ट पक्षीवेड्यांची. मला खटकतं ते पुढचं. याच तळोद्यात सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी 1990 च्या दशकात 4,200 हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली. अक्कलकुवा-अक्राणीची गावं पाण्याखाली, माणसं पायथ्याला, जंगल नांगराखाली; आणि जे तिथे आधीपासून नेवाड, म्हणजे जंगलातली शेती, कसत होते त्यांचा विरोध वेगळाच. पिंगळा सापडला तो या सगळ्या भांडणाच्या ऐन मध्यात. म्हणून ‘आदिवासींच्या अतिक्रमणाने पिंगळा संपला’ असं कोणी सरसकट लिहिलं की मी पान उलटतो. जंगल देऊन टाकण्याचा शिक्का कोणाच्या टेबलावरून उठला, तेही लिहावं ना.

2018 साली जागतिक लाल यादीत रानपिंगळ्याला ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’ गटात आणलं गेलं. मेळघाटात तो आहे, यावलला आहे, 2014 मध्ये तर मुंबईजवळच्या तानसातही दिसला. नव्या ठिकाणांपैकी काही पुन्हा हौशी लोकांनी शोधली. पण हौसेला दुसरी बाजूही आहे. हा पक्षी हाकेला ओ देतो; अभ्यासकांनीही ध्वनिमुद्रित हाका वाजवूनच त्याची गणती केली. आता तीच हाक खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. फोटोपायी ती विणीच्या हंगामात वाजवत राहिलं तर हद्दीत परका नर शिरला समजून घरचा नर ढोलीपासून उठून येतो. त्यात दिवाळीच्या तोंडावर लक्ष्मीच्या नावाने घुबडं पकडणारेही आहेतच.

तोरणमाळ आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. वन्यजीव कायद्याच्या 36ब कलमाप्रमाणे अशा क्षेत्राच्या समितीत प्रत्येक संबंधित ग्रामपंचायतीचा एक आणि स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी असतात. समितीचं काम सल्ला देण्याचं. 2006 च्या वनहक्क कायद्याचं पाचवं कलम मात्र ग्रामसभेला वन्यजीव आणि जंगल राखण्याचा सरळ अधिकार देतं. बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकांनी आधी कोणाचं दार ठोठावावं, हे माझ्या लेखी या दोन कलमांनीच ठरवून टाकलं आहे. ढोल्या असलेलं कोणतं झाड राखायचं, विणीच्या दिवसांत कोणत्या वाटेवर मोबाइल बंद ठेवायचा, हे ग्रामसभेने ठरवावं. संस्थांनी दुर्बिणी आणाव्यात, नोंदी ठेवाव्यात आणि नोंदीखाली पाखरू दाखवणाऱ्या पावरा किंवा भिल्ल माणसाचं नाव त्याच्या संमतीने घालावं. डेव्हिडसनच्या यादीत ते घालायचं राहून गेलं असेल, तर त्याला आता दीडशे वर्षं होत आली.