वायरलेस जोडले, पण पान उघडेना

वैनगंगेच्या काठच्या बालाघाट शहरातील पावसाळ्याची एखादी रात्र. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत बारा वाजता संपणार असते. विद्यार्थी लॅपटॉप उघडतो. घरातील वाय-फाय जोडले गेल्याची खूण पडद्याच्या कोपऱ्यात स्पष्ट दिसते; परंतु अर्जाचे पान काही केल्या उघडत नाही. वडील यंत्राला दोष देतात, मुलगा सेवा पुरविणाऱ्या कंपनीला, आणि शेजारी सांगतात, "सगळे बंद करून पुन्हा चालू करा." हा सल्ला वाईट नाही, पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. पण भागले नाही तर पुढे काय करावे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

येथे प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. ती खूण इंटरनेट मिळाल्याची नव्हे. घरातील राऊटर नावाच्या लहानशा पेटीशी लॅपटॉपचा संबंध जुळला, एवढेच ती सांगते. बालाघाटकरांना हा भेद समजणे अवघड नाही. गोंदियापर्यंतचा सुमारे ४० किलोमीटरचा लोहमार्ग अरुंद होता, त्या काळी नागपूरला जाणारा प्रवासी गोंदियास उतरून हावडा-मुंबई मार्गावरील मोठी गाडी धरीत असे. बालाघाटच्या गाडीत जागा मिळाली म्हणून नागपूर गाठले, असे कोणी समजत नसे. लॅपटॉप ते राऊटर हा प्रवासाचा केवळ पहिला टप्पा होय. पुढचे टप्पे निराळे आहेत आणि अडथळा त्यांपैकी कोठेही असू शकतो. म्हणून जवळच्या टप्प्यापासून दूरच्या टप्प्याकडे क्रमाने तपासत जावे.

पहिला प्रश्न असा : अडचण एकाच यंत्राची आहे की साऱ्या घराची? त्याच वाय-फायवर मोबाइल जोडून एखादे पान उघडून पाहावे. मात्र त्यापूर्वी मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करावा. नाहीतर मोबाइल मुकाट्याने आपल्या वाटेने पान आणतो आणि घरचे इंटरनेट चालू असल्याचा भास होतो. मोबाइलवरही काही उघडले नाही, तर लॅपटॉप निर्दोष समजावा व राऊटरकडे पाहावे. पूर्वी दूरध्वनीच्या तारा तांब्याच्या असत, त्याच तांब्याच्या ज्याची मोठी खाण बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड येथे आहे. आता पुष्कळ घरी संदेश काचेच्या तंतूतून प्रकाशरूपाने येतात. अशा पेटीवर 'एलओएस' या अक्षरांपाशी तांबडा दिवा लागला असेल, तर बाहेरून प्रकाशच येत नाही, म्हणजे तंतू तुटला वा निसटला आहे, असे जाणावे. तेथे घरच्या माणसाचा इलाज चालत नाही, कंपनीला कळवावे. दिवे ठीक असतील तर महिन्याचे पैसे भरले आहेत की नाहीत, तेही पाहून घ्यावे.

मोबाइल चालतो आणि लॅपटॉपच अडतो, असे दिसले तर दुसरा टप्पा पाहावा. घरातील प्रत्येक यंत्राला राऊटर एक अंकी पत्ता देतो. वाय-फायच्या तपशिलात तो वाचता येतो. बहुतेक घरी तो १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. त्याऐवजी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर दोष सापडला म्हणावयास हरकत नाही. राऊटरकडे पत्ता मागूनही उत्तर आले नाही, म्हणजे यंत्र स्वतःच असा आकडा धारण करते. त्या पत्त्यावर बाहेरचे काहीच पोचत नाही. अशा वेळी जोडणी विसरण्याची आज्ञा देऊन संकेतशब्द पुन्हा घालावा. पूर्वी कोणी हाताने कायमचा पत्ता लिहून ठेवला असेल, तर तो काढून पत्ता आपोआप घेण्याची सोय चालू करावी.

तिसरा टप्पा नावांचा. माणूस संकेतस्थळाचे नाव लिहितो, पण यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. नावावरून आकडा सांगणारी व्यवस्था अमेरिकेतील पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. तिला डीएनएस म्हणतात. ही जणू जगाची टेलिफोन डिरेक्टरी. डिरेक्टरी हरवली तर तारा शाबूत असूनही फोन लागत नाही. तसेच येथे घडते. याची परीक्षा सोपी आहे. आज्ञा लिहिण्याच्या काळ्या खिडकीत 'पिंग' हा शब्द व त्यापुढे ८.८.८.८ हे आकडे, दोन्ही रोमन लिपीत, लिहावेत. हा गूगलच्या नामसेवेचा पत्ता आहे. तेथून उत्तर येते, पण कोणतेही नाव लिहिले की पान उघडत नाही, तर रस्ता मोकळा असून डिरेक्टरीच बिघडली आहे. लॅपटॉपच्या वाय-फाय मांडणीत डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा पत्ता लिहिला की बहुधा पाने उघडू लागतात.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर घड्याळ पाहावे. हे ऐकून हसू येईल, पण कारण खरे आहे. सुरक्षित संकेतस्थळ आपल्या ओळखीचे प्रमाणपत्र दाखविते आणि त्यावर मुदत लिहिलेली असते. जुन्या लॅपटॉपमधील लहान बॅटरी संपली की त्याची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग त्याला प्रत्येक प्रमाणपत्राची मुदत अद्याप सुरूच झालेली नाही असे वाटते, आणि तो पान उघडण्याऐवजी धोक्याची सूचना दाखवितो. तारीख व वेळ दुरुस्त करताच सारे सुरळीत होते.

शेवटी प्रॉक्सी पाहावी. महाविद्यालयात किंवा कचेरीत सर्व यंत्रांची ये-जा पुष्कळदा एका मध्यस्थ यंत्रामार्फत होते. लॅपटॉप घरी आला तरी तो त्याच मध्यस्थाला शोधत बसतो. मांडणीतील प्रॉक्सी बंद केली की हा शोध थांबतो. व्हीपीएन चालू असेल तर तेही क्षणभर बंद करून पाहावे.

काय करू नये, हेही सांगणे अगत्याचे आहे. राऊटरच्या मागे टाचणीने दाबावयाचे एक बारीक छिद्र असते. ते बराच वेळ दाबले की पेटीतील सारी मांडणी पुसली जाते. कंपनीने भरून दिलेले नाव व संकेतशब्दही त्यात जाऊ शकतात, आणि मग एका लॅपटॉपची अडचण साऱ्या घराची होऊन बसते. बंद करून चालू करणे निराळे आणि पुसून टाकणे निराळे. तसेच घाईत मोबाइलवर शोधून मिळालेल्या अनोळखी क्रमांकावर मदत मागू नये, आणि कोणी सांगितले म्हणून लॅपटॉपचा ताबा दुरून त्याच्या हाती देऊ नये. कंपनीचा क्रमांक पावतीवर छापलेला असतो, तोच वापरावा.

राहिला त्या विद्यार्थ्याचा अर्ज. मुदत संपत आली असताना दोष शोधण्यात रात्र घालवू नये. मोबाइलचा डेटा हॉटस्पॉटद्वारे लॅपटॉपला द्यावा आणि अर्ज आधी पाठवावा. या उपायाने एक परीक्षाही आपोआप होते : हॉटस्पॉटवर पाने उघडली तर लॅपटॉपचे घड्याळ व त्यातील बहुतेक सारे ठीक आहे, आणि दोष घरच्या वाय-फायमध्ये किंवा त्याच्यासाठी केलेल्या मांडणीत आहे, असे समजते. मग सकाळी निवांतपणे, आधी राऊटर, मग पत्ता, मग नाव, असा एकेक टप्पा पाहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते कागदावर टिपून ठेवावे. पुढच्या पावसाळ्यात तोच कागद घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल.