सोलर बसवायचंय? आधी घर थंड करा

फुलंब्री : स्लॅबवर पॅनल टाकले की पंखा-कूलर फुकटात, असा आपला साधा हिशेब. पण सोलर घरांच्या जगातल्या मोठ्या स्पर्धेत हिशेब उलटीकडून सुरू होतो.

'सोलर डेकॅथलॉन' ही कॉलेजच्या मुलांची स्पर्धा अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं सुरू केली. पहिली 2002 मध्ये झाली. त्या मूळ स्पर्धेत नुसता नकाशा चालत नव्हता, उन्हावर चालणारं घर खरंखुरं उभं करायचं. दहा कसोट्या असायच्या. घरात तापमान किती राहिलं, वीज किती बनली, किती जळाली, सगळं मोजायचे. धुणं, स्वयंपाक करून दाखवायचा, शेजारच्या टीमला जेवायलाही बोलवायचं! 2014 ला फ्रान्समध्ये व्हर्सायला आपल्या मुंबईची 'टीम शून्य' उतरली होती. आयआयटी मुंबई आणि रचना संसदची ही पोरं. आता भारतातही 'सोलर डेकॅथलॉन इंडिया' भरते.

या घरांचं गणित एकच, आधी विजेची गरज कमी करा, मग उरेल तेवढ्यापुरतं पॅनल लावा.

आपल्याकडं बघा. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी 30 च्या आसपास. दोन पंखे बारा तास चालले तर 1.8 युनिटच्या जागी पाऊण युनिट. एक किलोवॅट पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणजे पाव वीज इथंच वाचली.

मी घर बांधताना पश्चिमेची भिंत उघडी ठेवली. चूक माझीच. स्लॅब दिवसभर तापतो अन् रात्री ती धग खाली सोडतो, त्यामुळं मे महिन्यात बाजा अंगणात. आजोबांच्या धाब्याच्या घरात जाड मातीच्या भिंतींमुळं दुपारीही गारवा असायचा. ज्यांचं घरकुल अजून पायात आहे त्यांनी गवंड्याला आत्ताच सांगावं : खिडक्या समोरासमोर, पश्चिमेला पडवी नाहीतर लिंबाचं झाड. बांधून झाल्यावर खिडक्या बदलणं अवघड जातं. ज्यांचं झालंय, त्यांनी स्लॅबला चुना मारावा. पांढरा स्लॅब कमी तापतो.

पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार, तीन किंवा जास्तला 78 हजार अनुदान आहे. पण वरचे पैसे आपल्याच खिशातले. दोन किलोवॅटमध्ये भागत असेल तर तीनचं कशाला?

मी चुना आणून ठेवलाय. सोलरचा अर्ज त्यानंतर.